प्रार्थना सुचत नाही तेव्हा काय करायचं: कठीण दिवसांत विश्वास टिकवण्याबद्दल थोडं

जय ख्रिस्त मंडळी. ज्यांच्यासाठी हे लिहितेय त्यांच्यात आत्ता लांबलचक वाचायची ताकद नसणार हे मला माहितीये, म्हणून आधीच सांगते, एका दमात वाचू नका, जेवढं झेपेल तेवढं वाचा आणि फोन बाजूला ठेवून झोपा.

मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही. माहेर नगरचं (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय), सासर पुण्यात. आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास आला तो पणजोबांपासून, मिशनच्या शाळेतून, त्यामुळे लहानपणापासून शब्बाथशाळा, वचनं पाठ करणं, नाताळची कॅरोल पार्टी, सगळं केलेलं. विश्वास म्हणजे काय हा प्रश्नच कधी पडला नव्हता, घरात जसा माठ असतो तसा तो होता. २०१८ ला पप्पांना स्ट्रोक आला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत धाकटा भाऊ गेला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की माठ रिकामा पण असू शकतो. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत काय उपयोगी पडलं आणि कशाने उलट त्रास झाला ते खाली लिहितेय. सगळ्यांना सगळं लागू होईल असं नाही.

आधी जेवा, मग बाकीचं

गंमत नाही करत. संकट आलं की आपल्याकडे पहिला सल्ला येतो उपवास प्रार्थनेचा. माझं वजन तेव्हा महिन्याभरात सहा किलो उतरलं होतं, आणि एक ताई मला सांगत होत्या एकवीस दिवसांचा उपवास धर. अहो मी तसंही जेवतच नव्हते!

एलियाची गोष्ट काढा, १ राजे, १९ वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम करून आलेला, आणि राणी ईजबेलीच्या धमकीने पळून जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. देवदूत आला. त्याने त्याला झापलं का? तुझा विश्वास कुठे गेला असं विचारलं का? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं मडकं ठेवलं आणि म्हणाला ऊठ, खा. एलियाने खाल्लं, परत झोपला. देवदूत परत आला, परत म्हणाला खा, वाट तुला झेपणारी नाहीये. दोन जेवणं आणि दोन झोपा झाल्या, तेव्हा कुठे चाळीस दिवसांचा प्रवास सुरू झाला आणि देवाचं बोलणं तर त्याच्याही नंतर.

तर पहिला आठवडा, पहिला महिना, काहीच आध्यात्मिक करू नका हवं तर. वेळेवर दोन घास, रात्री पडून राहणं, आंघोळ. दवाखान्यात रात्र काढायची असेल तर थर्मास, शाल, चार्जर आणि बिस्किटाचा पुडा आधी पिशवीत टाका, बायबल नंतर.

एक ओळ पाठ ठेवा, बाकी सोडा

आता पप्पांचं सांगते, कारण मला जे काही सांगायचंय ते बरंचसं यात आहे.

स्ट्रोक डाव्या मेंदूला होता, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणाले. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, आणि ग्लास दाखवला की 'पाणी' म्हणता येईना. ओठ हलायचे, डोळ्यात पाणी यायचं, शेवटी चिडून डावा हात गादीवर आपटायचे. शेजारच्या कॉटवर एक काका होते, त्यांनाही तेच, त्यांच्या तोंडून फक्त एकच शिवी निघायची आणि ती मात्र एकदम खणखणीत, त्यांची बायको बिचारी प्रत्येक नर्सची माफी मागत बसायची. आम्ही दोघी त्यावर एकदा इतक्या हसलो की नर्स बघायला आली.

पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी आमचे पाळकसाहेब आले. कॉटजवळ उभं राहून त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, हे आमच्या स्वर्गातील पित्या, आणि पप्पा त्यांच्याबरोबर बोलायला लागले. थोडं जड, थोडं ओढल्यासारखं, पण शब्द स्पष्ट, तुझे नाव पवित्र मानले जावो, पासून थेट आमेनपर्यंत. मी तर हातातली औषधांची चिठ्ठी खाली टाकली. प्रार्थना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, सर, कसं वाटतंय? आणि पप्पांना परत एक शब्द येईना.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, चमत्कार झाला का हो? ते हसले, म्हणाले ताई, असं होतं. जे वर्षानुवर्षं पाठ असतं, प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे, अगदी शिव्यासुद्धा, ते मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. नवीन वाक्य जुळवायची जागा बिघडली तरी ही वाट बऱ्याचदा शाबूत राहते. मला आधी जरा वाईट वाटलं, चमत्कार नाही म्हणाले म्हणून. मग विचार करत बसले की देवाने पप्पांसाठी कुठली वाट मोकळी ठेवली, तर ज्या वाटेवर ते साठ वर्षं रोज चालत होते ती. त्यात भावना बिवना काही नव्हतं, रोजचा परिपाठ होता, कंटाळत म्हटलेला, पेंगत म्हटलेला, आम्हा पोरांना चिमटे काढत म्हटलेला.

म्हणून सांगते, दुःखात स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायचा अट्टाहास सोडा. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळींमध्ये एक समज असतो की पाठ केलेली प्रार्थना म्हणजे कोरडी आणि उत्स्फूर्त तीच खरी. नाही हो. आत काहीच उरलेलं नसतं तेव्हा उत्स्फूर्त काय डोंबल येणार. वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीचं बघून मला हे पटलं, तिच्या आईला कॅन्सर झाला तेव्हा ती लोकलमध्ये उभ्या उभ्या रोझरीची माळ करायची, मणी सरकत राहायचे, डोकं भलतीकडेच असायचं, पण हात सुटला नाही.

करायचं कसं ते सांगते. एकच ओळ निवडा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' असेल, प्रभूच्या प्रार्थनेतलं 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असेल, किंवा एका आजारी मुलाच्या बापाने येशूला म्हटलेलं असेल, की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाचं काहीतरी करा (मार्क ९, अगदी शब्दशः नाही लिहिलेलं मी). ती एक ओळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा. मी चहाचं आधण ठेवलं की म्हणायचे, पाणी उकळेपर्यंत. बस, तेवढंच. ठरावीक वेळ, ठरावीक ओळ, वाटतंय का नाही याच्याशी देणंघेणं नाही. दीड वर्ष माझी एवढीच प्रार्थना होती आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी पाठांतर करून घ्या बरं का. आत्ता पोरं कुरकुर करतील.

देवाशी भांडता येतं, आणि ते लिहून भांडावं

भाऊ गेला तेव्हा शेवटचं दर्शन पण नाही. पीपीई किटमधली चार माणसं, पिशवीत गुंडाळलेला देह, आणि आम्ही दफनभूमीच्या गेटबाहेर. पाळकसाहेबांनी लांबूनच प्रार्थना केली, मास्कमधून, अर्धी ऐकू आली नाही. वय वर्षं अडतीस. त्यानंतर लोक फोनवर म्हणायचे देवाची इच्छा, प्रभूला चांगली माणसं लवकर हवी असतात. तुम्हाला कोणी असं म्हटलं तर फोन ठेवून द्यायला परवानगी आहे, ही माझ्याकडून घ्या.

स्तोत्रसंहिता नीट उघडून बघा. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश तरी रडगाणी आहेत, तक्रारी आहेत. १३ वं स्तोत्र सहाच ओव्यांचं, त्यात सुरुवातीलाच चार वेळा कुठवर, कुठवर, कुठवर. आणि ८८ वं तर असं आहे की त्यात शेवटी पण काही बरं होत नाही, बाकीच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी निदान स्तुती तरी येते, इथे मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार आहे. म्हणजे ज्यांनी बायबल जमवलं त्यांनी हे स्तोत्र काढून टाकलं नाही, हे देवाविरुद्ध आहे म्हणाले नाहीत, उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. आणि वधस्तंभावर येशू जे ओरडला, माझ्या देवा तू मला का सोडलंस, ते पण २२ व्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य, म्हणजे त्यालाही त्या क्षणी पाठ असलेलंच आठवलं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात ना, त्यातल्या चौथ्यावर जो बोलतो तो बहुतेक वेळा घाईघाईने पुनरुत्थानाकडे पळतो असं माझं निरीक्षण आहे. थांबा की जरा तिथे.

तक्रार लिहायची पद्धत सोपी आहे, स्तोत्रांचीच आहे. आधी देवाला हाक मारायची, मग काय झालंय ते नावागावासकट सांगायचं, मग काय हवंय ते मागायचं, आणि शेवटी भरवशाची एक ओळ आली तर लिहायची, नाही आली तर नाही. माझी एक वीजबिलाच्या पाठीमागे लिहिलेली अजून आहे, तशीच उतरवते:

'प्रभू, ऐकतोयस का. ऑक्सिजन बेडसाठी अठ्ठावीस फोन केले मी, तुला माहितीये. एकाने उचलला असता तर काय बिघडलं असतं तुझं. वहिनी काल रात्री त्याचा शर्ट हुंगत बसली होती. तिला झोप दे, एवढं तरी दे. माझ्यासाठी काही मागत नाही, मी रागावलेय.'

भरवशाची ओळ आली नव्हती त्या दिवशी. पण बघा ना, रागावलेय असं ज्याला सांगतो तो आहे असं धरूनच सांगतो की आपण. ज्या दिवशी भांडण थांबेल आणि नुसती थंड शांतता होईल त्या दिवसाची काळजी करा.

दुसऱ्यांच्या विश्वासावर काही दिवस काढा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मार्क २ मध्ये तो पक्षाघाताचा माणूस आहे, त्याला चौघांनी खाटेवर उचलून आणलं, गर्दी होती म्हणून छप्पर उकरून वरून खाली सोडलं. तिथे लिहिलंय की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. आजाऱ्याचा विश्वास किती होता याचा उल्लेखच नाही. तो खाटेवर पडून होता, झालं.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, सत्तरीच्या, मूळच्या श्रीरामपूरकडच्या, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दरवर्षी जायच्या, लग्नानंतर आमच्या मंडळीत आल्या. भाऊ गेल्यावर दर गुरुवारी त्या डबा घेऊन यायच्या, पिठलं-भाकरी नाहीतर मुगाची खिचडी. दारात उभ्या राहून द्यायच्या. एकदा मी म्हटलं, मावशी आत या, प्रार्थना करा माझ्यासाठी, मला होत नाही. तर म्हणाल्या, "बाई, तू आत्ता प्रार्थना करू नको. मी करते तुझ्या वाटची, रोज करते, तू फक्त जेव. आणि डबा धुऊन ठेव, नाहीतर पुढच्या गुरुवारी कशात आणू?"

डबा धुऊन ठेवणं. त्या महिन्यांत माझी उपासना तीच होती असं म्हणायला हरकत नाही.

तर तुम्हाला काय करायचंय, तीन-चार माणसं निवडायची, जास्त नाही, खाटेला चारच कोपरे असतात. आणि त्यांना नेमकं सांगायचं. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' असं मोघम नको. असं सांगा की बुधवारी पप्पांचा एमआरआय आहे, सकाळी दहाला, त्या वेळी पाच मिनिटं बसशील का. किंवा मला रविवारी चर्चला यायला एकटीला जमत नाही, रिक्षाने मला घेऊन जाशील का. माणसांना नेमकं काम दिलं की ती करतात, मोघम सांगितलं की हात जोडलेला इमोजी येतो. मंडळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळं टाकायची गरज नाही, तिथे आमेन दोनशे येतात आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला पण कळलेलं असतं.

ज्यांच्या गावात ख्रिस्ती घरंच एक-दोन आहेत त्यांचं जास्त कठीण आहे हे मान्य. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात आपण एक टक्क्याच्या आत होतो, आणि त्यातले बरेचसे मुंबई-वसई पट्ट्यात, मग मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याला बदली झालेल्या शिक्षकाने कोणाकडे जायचं? फोनवर ठरावीक वारी एका माणसाशी दहा मिनिटं, एकाने वाचायचं दुसऱ्याने ऐकायचं, हे खूप चालतं. आणि शेजारच्या हिंदू काकूंनी देवापुढे दिवा लावून तुमच्या माणसासाठी हात जोडले तर तोंड वाकडं करू नका, प्रेमाने केलेलं आहे ते, चहा पाजा त्यांना.

चर्चला जायचं की नाही

जायचं, पण आपल्या अटींवर. मागच्या बाकावर, दाराजवळ, पहिलं गीत सुरू झाल्यावर आत शिरायचं आणि आशीर्वाद झाला की चप्पल घालून निघायचं, म्हणजे 'कसं चाललंय' वाल्यांच्या तावडीतून सुटता. गाणं म्हणवत नसेल तर नुसतं पुस्तक उघडून धरा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनांना पेटी आणि टाळ लागले की मला हटकून रडू यायचं, म्हणून मी खांबाआडची जागा धरली होती. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) मात्र चुकवू नका असं मी सांगेन, कारण तिथे तुम्हाला काही बोलावं लागत नाही, काही सिद्ध करावं लागत नाही, नुसता हात पुढे करायचा असतो.

घरात एकाचा विश्वास हलला आणि दुसऱ्याचा नाही, असंही होतं. माझ्या मिस्टरांनी वर्षभर चर्चचं तोंड बघितलं नाही. मी सुरुवातीला टोमणे मारले, मग गप्प बसायला शिकले. त्याच नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला आणि त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० ला. मधली वर्षं सरळ नव्हती, बराच काळ दोघं वेगळे राहिले, आणि लक्ष्मीबाई शेवटी आल्या त्या स्वतःच्या पायांनी, कोणी ओढून नाही. एका घरात दोन माणसांची घड्याळं वेगळी असतात. मिस्टर ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला आपले आपण उठून गाडी काढून उभे राहिले, मी काही बोलले नाही, हेल्मेट घातलं आणि मागे बसले.

कोणापासून लांब राहायचं

हा भाग जरा रागात लिहितेय, सांभाळून घ्या. पप्पा आजारी असताना एक बाहेरचा 'सेवक' घरी आला, कोणीतरी पाठवला होता. पाच मिनिटांत म्हणाला घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे अविश्वासाची खूण आहे. वर एका पाकिटात 'विश्वासाचं बी' म्हणून पैसे घालायला सांगितले. मम्मीने पाकीट घेतलं पण, साधी बाई, घाबरलेली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि त्या सेवकाला दार दाखवलं.

असा माणूस आला तर या गोष्टी लक्षात ठेवा, वाद घालायला नाही, स्वतःचं डोकं ठिकाणावर ठेवायला. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो याने पण नाही आणि त्यांनी पण नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्याचा विषय निघतो, तिथेही येशू विचारतो की ते काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला, नाही. प्रेषित पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे दुखण्यासाठी, तीनदा मागणं केलं, काटा गेला नाही. आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला, उपास कर नाही म्हणाला. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, तर मिलेत गावात आजारीच ठेवून पुढे गेला. आता पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे सांगा. गोळ्या बंद करायच्या नाहीत. इन्शुलिन बंद करायचं नाही. पैशाचं पाकीट मागणारा माणूस घरातलं दुःख बघून आलेला असतो.

बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांबद्दल पण सगळे वाईट बोलतात, पण पहिले सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तो भाग ब्येस होता. बोलायला लागल्यावर बिघडलं. भेटायला येणाऱ्यांनी हे वाचत असाल तर घ्या काय घ्यायचं ते.

प्रश्न पडतात म्हणजे विश्वास गेला का

नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले, बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा कॉलऱ्याने, पदरात तान्ही मुलगी. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि घेतल्यावर पण तिथल्या सिस्टरांशी पत्रातून वाद चालूच, हे मला पटत नाही, हे तुम्ही सांगता म्हणून का मानू. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, इथपर्यंत. आणि पुढे त्यांनीच लिहिलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी. म्हणजे एवढ्या मोठ्या बाईला वेळ लागला, तर तुम्हा-आम्हाला लागणार नाही का?

मला त्यांचं शेवटचं वर्ष जास्त आठवतं. जुलै १९२१ ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक, जिच्यावर केडगावच्या मुक्ती मिशनचं सगळं काम सोपवायचं होतं. स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, म्हणजे नऊ महिने पण पुरे नाहीत. आणि त्या महिन्यांतही हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम सुरूच होतं. त्यांना आतून काय वाटत होतं ते आपण कसं सांगणार. एवढं दिसतं की हातातलं काम खाली ठेवलं नाही.

तुमचे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा, तारीख टाकून. उत्तर शोधायची घाई नको. सहा महिन्यांनी उघडून बघा, काही प्रश्न तसेच असतील, काही तुम्हालाच आठवणार नाहीत का विचारले होते ते.

हे मात्र टाळू नका

दोन-तीन आठवडे झोप पूर्ण गेलीये, सकाळी उठावंसंच वाटत नाही, जीव नकोसा झालाय असे विचार येतायत, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून बसू नका, डॉक्टरकडे जा. सरकारी टेली मानस आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी स्वतः आठ महिने गोळी घेतली. मंडळीतल्या एक-दोघांना कळल्यावर भुवया वर गेल्या, जाऊ देत. चष्मा लावताना कोणी विचारत नाही तुझा विश्वास कुठे गेला म्हणून.

पहिला नाताळ आणि असले दिवस

पहिला नाताळ, पहिला वाढदिवस, पहिली पुण्यतिथी, हे दिवस अंगावर येतात, आधीपासून ठरवून ठेवा. करायचं काय आणि करायचं नाही काय. आम्ही ठरवलं की चांदणी लावायची, करंज्या नाही करायच्या, नवे कपडे नाहीत, पण चोवीसला रात्री दिवा चालू ठेवायचा. कॅरोल पार्टीला आधीच निरोप दिला होता की या वर्षी आमच्याकडे येऊ नका. भाऊच त्या पार्टीत ढोलकी वाजवायचा ना.

रात्री दीडच्या सुमाराला गल्लीच्या टोकाला आवाज आला. मग थांबला. खिडकीतून बघितलं तर पोरं आमच्या घरासमोर आली होती, पेटी बंद, ढोलकी बंद, एकाने हातातला कंदील खाली धरलेला, आणि अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं एकच कडवं म्हटलं आणि गेली पुढे. दार वाजवलं नाही. वहिनी पडद्यामागे उभी होती. म्हणाली, ताई, पुढच्या वर्षी त्यांना चहा देऊ.

तर असं, सगळं बंद करू नका आणि सगळं चालू पण ठेवू नका, एक छोटी खिडकी ठेवा. पुण्यतिथीला दफनभूमीत जाताना फुलांबरोबर केरसुणी न्या, कबर झाडायला. हाताला काम असलं की रडणं सोपं जातं.

आणि शेवटचं, झेपायला लागलं की, आधी नाही, कोणासाठी तरी एक छोटी गोष्ट ठरावीक वारी करायला घ्या. पप्पा २०२३ मध्ये गेले, शेवटपर्यंत त्यांना माझं नाव नीट घेता आलं नाही पण रोज रात्री आम्ही दोघं प्रभूची प्रार्थना म्हणायचो आणि त्यात ते माझ्यापेक्षा पुढे असायचे. ते गेल्यावर गुरुवार मोकळा वाटायला लागला, मावशींचे गुडघे पण आता दुखतात, म्हणून त्यांचं एक घर मी घेतलं. चिंचवडला एक मुलगी आहे, तिचं बाळ गेलं, सातव्या महिन्यात. पहिल्या गुरुवारी तिने दार अर्धंच उघडलं, डबा घेतला आणि म्हणाली, "ताई, प्रार्थना वगैरे नको हं आत्ता."

म्हटलं नाही करत इथे. डबा फक्त धुऊन ठेव.